भांडवल त्यांचे, कौशल्य तुमचे. मग तोटा कोणाचा?

पदवी हाती आहे, मनाजोगी नोकरी नाही आणि घरात ‘पुढे काय?’ हा प्रश्न रोज ताटाबरोबर वाढला जातो आहे, अशा तरुणाला हेरून सध्या एक आकर्षक आमंत्रण दिले जाते. ‘भांडवल आमचे, कौशल्य तुमचे, नफा वाटून घेऊ.’ आमंत्रण देणारी संस्था स्वतःला ‘प्रॉप फर्म’, म्हणजे स्वतःच्या पैशाने शेअरबाजारात सौदे करणारी व्यावसायिक पेढी म्हणवते. सकाळी सव्वानऊला बाजार उघडणार, दुपारी साडेतीनला मिटणार, घेतलेले शेअर त्याच दिवशी विकून मोकळे व्हायचे. वरिष्ठांचा जाच नाही, रात्रपाळी नाही, गाव सोडण्याची सक्ती नाही. शिवाय ‘व्यावसायिक’ हे बिरुद असल्यामुळे आईवडिलांनाही हा सट्टा न वाटता नोकरीच वाटते. पोरगा जुगार खेळत नाही, एका फर्ममध्ये ट्रेडर आहे, असे नातेवाइकांना सांगता येते.

या प्रतिष्ठेच्या वेष्टनाआड काय दडले आहे, हे मध्यमवर्गीय कुटुंबांनी एकदा डोळसपणे पाहण्याची वेळ आली आहे. शेअरबाजार वाईट, अशी भोळसट भूमिका येथे घ्यायची नाही. उद्योगाला भांडवल पुरवणारा बाजार राष्ट्राच्या अर्थजीवनाचे आवश्यक अंग आहे आणि मराठी माणूस त्यापासून फटकून राहिला, ही आपली जुनी उणीव आहे. प्रश्न वेगळा आणि नेमका आहे. पैसा कोणाकडून कोणाकडे जातो? जी पेढी तरुणाला पगार देते, ती त्याची मालक. जी पेढी तरुणाकडून पैसे घेते, तिचा तो ग्राहक. मग त्याच्या हाती दिलेल्या ओळखपत्रावर काहीही छापलेले असो. ही एक कसोटी लावली की बहुतेक जाहिरातींचा रंग उतरतो.

तीन प्रकारच्या पेढ्या

‘प्रॉप फर्म’ या एकाच नावाखाली आज तीन अगदी भिन्न प्रकार वावरत आहेत आणि तिसऱ्याने पहिल्याची अब्रू उसनी घेतलेली आहे.

पहिला प्रकार खऱ्या व्यावसायिक पेढ्यांचा. त्या मुंबईत आहेत, गुरुग्राममध्ये आहेत, परदेशातही आहेत. गणित, संख्याशास्त्र आणि संगणकशास्त्रात अव्वल असलेल्या मुलांना त्या निवडतात, कठोर परीक्षा घेतात आणि भरघोस पगार देतात. त्यांचे सौदे माणूस पडद्याकडे पाहून करत नाही. संगणकाच्या आज्ञावल्या करतात. शेअरबाजाराच्या संगणकाशेजारीच आपला संगणक ठेवण्याची, म्हणजे ‘को-लोकेशन’ची सोय राष्ट्रीय शेअरबाजारात २०१० च्या सुमारास सुरू झाली. तेव्हापासून या स्पर्धेचे मोजमाप सेकंदाच्या लहानशा अंशांत होते. या पेढ्या उमेदवाराकडून अनामत मागत नाहीत. त्यांना पैशाची नव्हे, बुद्धीची गरज असते.

दुसरा प्रकार अनामत घेणाऱ्या पेढ्यांचा. दलाल स्ट्रीटवर ‘जॉबर’ ही जमात जुनीच आहे. लहानशा फरकाने दिवसभर घेणे-विकणे करून बाजारात उलाढाल खेळती ठेवणे हे त्याचे काम. ओरडून सौदे करण्याच्या ‘रिंग’मध्ये या कामाला खरे कसब लागत असे. मुंबई शेअरबाजारात १९९५ साली संगणकीय व्यवहार सुरू झाले आणि ते कसब हळूहळू यंत्राकडे गेले. नाव मात्र उरले. आज काही दलाल पेढ्या तरुणाकडून लाख-दोन लाख अनामत घेतात, त्याच्या दहापट रकमेपर्यंत सौदे करण्याची मुभा देतात आणि नफ्यात वाटा देऊ करतात. सौदे पेढीच्या स्वतःच्या खात्यावर होतात. तोटा झाला की तो आधी अनामतीतून कापला जातो आणि अनामत संपत आली की संगणक बंद होतो.

तिसरा प्रकार सर्वांत नवा आणि सर्वांत धूर्त. येथे अनामत नसते, ‘परीक्षा शुल्क’ असते. काही हजार रुपये भरा, आमच्या खात्यावर ठरलेल्या नियमांनी सौदे करून दाखवा, उत्तीर्ण झालात की दहा लाखांचे खाते तुमच्या हाती देऊ, असा हा प्रस्ताव. यातील अनेक खाती प्रत्यक्ष बाजाराशी जोडलेलीही नसतात; पडद्यावर हलणारे आकडे हा निव्वळ आभास असतो, आणि तसे अटींच्या बारीक अक्षरांत कबूलही केलेले असते. उमेदवाराला वाटते आपण बाजाराशी झुंजत आहोत. प्रत्यक्षात तो आपले शुल्क भरून एक खेळ खेळत असतो.

दहा लाखांचे दहा लाख नव्हेत

‘दहा लाखांचे भांडवल’ या शब्दांचा अर्थ तपासून पाहा. अशा खात्यांवर सामान्यतः अट असते की एकूण तोटा दहा टक्क्यांवर गेला की खाते बंद, आणि एका दिवसाचा तोटा पाच टक्क्यांवर गेला तरी खाते बंद. म्हणजे ज्याला दहा लाख म्हटले जाते, त्यातील नऊ लाखांना तुम्ही हात लावू शकत नाही. तुमच्या हाती आलेली खरी रक्कम एक लाख. उरलेले नऊ लाख ही शोकेसमधली मिठाई.

आता परीक्षेची गंमत पाहा. समजा, पहिल्या फेरीत दहा टक्के नफा मिळवायचा आहे आणि दहा टक्के तोटा होण्याआधी मिळवायचा आहे. दुसऱ्या फेरीत पाच टक्के नफा, तोट्याची मर्यादा तीच. एखाद्याने कोणताही अभ्यास न करता केवळ नाणे उडवून सौदे केले, तर खर्च आणि रोजच्या मर्यादेचा विचार क्षणभर बाजूला ठेवला असता, पहिली फेरी दोघांतील एक पार करील आणि दुसरी तिघांतील दोन. म्हणजे नाणे उडवणाऱ्या तिघांपैकी एक जण ‘उत्तीर्ण ट्रेडर’ ठरेल! त्याला प्रमाणपत्र मिळेल, तो ते मित्रांना दाखवील आणि मित्रही शुल्क भरतील. जी परीक्षा नाणेसुद्धा पास होऊ शकते, ती कौशल्याची परीक्षा कशी? आणि नापास होणाऱ्या दोघांचे शुल्क कोठे जाते, हे सांगायला हवे काय?

अनामतीच्या पेढीतील हिशोबही असाच एकतर्फी असतो. नफ्यात तरुणाचा वाटा सत्तर टक्के आणि पेढीचा तीस. तोटा मात्र शंभर टक्के अनामतीतून. समजा, पहिल्या महिन्यात वीस हजारांचा नफा झाला. तरुणाला चौदा हजार मिळाले. दुसऱ्या महिन्यात वीस हजारांचा तोटा झाला. तो पूर्ण त्याच्या अनामतीतून गेला. बाजारात तो ना हरला ना जिंकला, पण घरी सहा हजारांचा खड्डा पडला आणि पेढीच्या पदरात सहा हजार पडले. भागीदारी म्हणजे नफ्यातोट्याची समान जोखीम, असे आपल्या व्यापारी परंपरेने मानले. येथे एक भागीदार फक्त नफ्याचा आहे!

खर्चाची वाळवी

दिवसभराच्या सौद्यांत तरुण हरतो तो नेहमी मोठ्या चुकीमुळेच असे नाही. बहुधा तो लहान लहान खर्चांनी पोखरला जातो. एक लाखाचे शेअर सकाळी घेतले आणि दुपारी विकले, असे धरा. सवलतीच्या दराने काम करणारा दलालही दोन्ही वेळचे मिळून चाळीस रुपये घेतो. विक्रीवर सिक्युरिटीज ट्रान्झॅक्शन टॅक्स ०.०२५ टक्के, म्हणजे पंचवीस रुपये. खरेदीवर मुद्रांक शुल्क तीन रुपये. शेअरबाजाराचे शुल्क दोन्ही बाजूंचे सुमारे सहा रुपये. दलाली व शुल्कावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे आणखी आठ रुपये. एकूण सुमारे ब्याऐंशी रुपये. लाखामागे ब्याऐंशी रुपये म्हणजे काहीच नाही, असे वाटेल.

पण त्या लाखात तरुणाचे स्वतःचे किती? २०२१ च्या सप्टेंबरपासून पूर्णपणे लागू झालेल्या सेबीच्या मार्जिन नियमांनुसार शेअरच्या इंट्राडे सौद्यासाठी किमान वीस टक्के रक्कम आधी असावी लागते. म्हणजे वीस हजार रुपयांवर एक लाखाचा सौदा करता येतो. आता तो दिवसाला असे पाच सौदे करतो आणि महिन्यात वीस दिवस बाजार चालतो, असे धरले तर शंभर सौदे झाले. शंभर गुणिले ब्याऐंशी म्हणजे आठ हजार दोनशे रुपये. वीस हजारांच्या मुद्दलावर महिन्याला आठ हजार दोनशे, म्हणजे एक्केचाळीस टक्के केवळ खर्च! एवढा नफा दर महिन्याला मिळवला तर कोठे तो शून्यावर येतो. खेड्यातला सावकारही इतक्या दराने वसुली करीत नव्हता. आणि यात घेण्याच्या व विकण्याच्या भावातील फरक धरलेलाच नाही.

प्रॉप पेढ्यांमध्ये हाच खर्च पुष्कळदा वाढीव दराने लावला जातो, कारण सौद्यांमागचे शुल्क हे पेढीचे खात्रीचे उत्पन्न असते. टर्मिनलचे भाडे, सॉफ्टवेअरचे भाडे, प्रशिक्षणाची फी हे निराळेच. तरुण जिंको वा हरो, सौदे होत राहिले पाहिजेत एवढीच पेढीची इच्छा. म्हणूनच तेथे ‘आज बाजारात संधी नाही, हात आखडता घ्या’ असा सल्ला सहसा ऐकू येत नाही.

पलीकडे कोण बसले आहे?

महाभारतातील द्यूतसभेत पण लावणारा दुर्योधन होता, पण फासे टाकणारा शकुनी होता. एकाच्या वतीने दुसऱ्याने खेळावे हे उचित नाही, ही हरकत युधिष्ठिराने घेतली होती. तरीही तो खेळायला बसला. आजच्या बाजारात घरबसल्या सौदा करणाऱ्या तरुणाची गत यापेक्षा वेगळी नाही. पलीकडे आपल्यासारखाच कोणी हौशी बसला आहे, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात पलीकडे यंत्र असते.

याचा पुरावा भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाने, म्हणजे सेबीनेच प्रसिद्ध केलेला आहे. जुलै २०२४ च्या अभ्यासात सेबीने शेअरच्या इंट्राडे सौद्यांची छाननी केली. २०२२-२३ या आर्थिक वर्षात असे सौदे करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सात जणांना तोटा झाला. वर्षात पाचशेहून अधिक सौदे करणाऱ्यांमध्ये तोट्यात जाणारे ऐंशी टक्के होते. म्हणजे ‘सराव वाढला की नफा वाढेल’ हे आश्वासन उलटेच ठरले. सर्वांत चिंताजनक आकडा तरुणांचा आहे. इंट्राडे करणाऱ्यांत तीस वर्षांखालील तरुणांचे प्रमाण २०१८-१९ मध्ये अठरा टक्के होते, ते २०२२-२३ मध्ये अठ्ठेचाळीस टक्क्यांवर गेले. आणि त्यांच्यापैकी शहात्तर टक्के तोट्यात होते.

वायदे आणि ऑप्शनच्या क्षेत्रातील चित्र याहून भीषण आहे. सप्टेंबर २०२४ मधील सेबीच्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत त्र्याण्णव टक्के व्यक्तींनी पैसे गमावले आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. खर्च वजा जाता एक लाखाहून जास्त नफा मिळवणारे केवळ एक टक्का. यातील पाऊणहून अधिक व्यक्तींनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाखांहून कमी असल्याचे नोंदवले होते. २०२४-२५ मध्येही चित्र पालटले नाही. एक्याण्णव टक्के व्यक्ती तोट्यात गेल्या आणि निव्वळ तोटा १ लाख ५ हजार कोटींच्या पुढे गेला.

हा पैसा हवेत विरला काय? मुळीच नाही. वायदेबाजार हा असा आड आहे की त्यात एकाने ओतले तेवढेच दुसरा उपसतो. २०२३-२४ मध्ये व्यावसायिक प्रॉप पेढ्यांनी या क्षेत्रात खर्चापूर्वी सुमारे ३३ हजार कोटींचा नफा कमावला, तर परदेशी गुंतवणूक संस्थांनी सुमारे २८ हजार कोटींचा. प्रॉप पेढ्यांच्या नफ्यातील शहाण्णव टक्के आणि परदेशी संस्थांच्या नफ्यातील सत्त्याण्णव टक्के हिस्सा संगणकीय आज्ञावल्यांनी चालवलेल्या सौद्यांतून आला होता.

जुलै २०२५ मध्ये सेबीने न्यूयॉर्कच्या जेन स्ट्रीट या बलाढ्य पेढीविरुद्ध अंतरिम आदेश काढून ४,८४३ कोटींहून अधिक रक्कम जप्त करण्याचे फर्मान दिले. सकाळी बँकांचे शेअर व वायदे मोठ्या प्रमाणात घेऊन निर्देशांक वर न्यायचा, त्याच वेळी ऑप्शनमध्ये विरुद्ध दिशेची प्रचंड स्थिती उभी करायची आणि मग शेअर विकून टाकायचे, असा आरोप त्या आदेशात आहे. १७ जानेवारी २०२४ या एकाच दिवशी तिने ऑप्शनमध्ये सुमारे ७३५ कोटी कमावले, असे आदेश म्हणतो. पेढीने आरोप नाकारले आणि अपील केले. न्यायनिवाडा योग्य पीठापुढेच होईल. पण आरोप बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरतेच. ज्या पटावर अशा शक्ती उतरल्या आहेत, त्या पटावर सांगली-लातूरच्या मुलाला मोबाइल हातात देऊन ‘जा, तूही व्यावसायिक आहेस’ म्हणून पाठवणे हे कोणत्या प्रकारचे मार्गदर्शन?

अमेरिकेत हे आधीच घडून गेले आहे

अनामत घेऊन सौद्यांची मुभा देण्याचा हा प्रकार आपल्याकडे नवा वाटला तरी त्याचे माहेर अमेरिका. १९८८ पासून नॅसडॅक बाजारात छोट्या ग्राहकांचे सौदे आपोआप पुरे करून देणारी यंत्रणा दलालांना सक्तीची झाली. तिचा लाभ उठवत १९९० च्या दशकात शहरोशहरी ‘डे ट्रेडिंग’ची दालने निघाली. पुढे काही पेढ्यांनी नवी शक्कल काढली. येणाऱ्या ट्रेडरला ग्राहक म्हणायचेच नाही; अनामत घेऊन त्याला पेढीचा नाममात्र सदस्य करायचे, म्हणजे ग्राहकांसाठी असलेल्या उधारीच्या मर्यादा त्याला लागू होत नाहीत. २००१ साली अमेरिकेत नियम झाला की वारंवार इंट्राडे सौदे करणाऱ्या ग्राहकाच्या खात्यात किमान २५ हजार डॉलर हवेत; मग तर तेवढे पैसे नसलेल्यांसाठी ही ‘सदस्यत्वा’ची पळवाट अधिकच मोहक ठरली.

या दालनांची चौकशी तेथील राज्यांच्या रोखे नियामकांच्या संघटनेने १९९९ साली केली. एका पेढीतील सव्वीस खाती तज्ज्ञाकडून तपासून घेतली असता केवळ तीन खात्यांत नफ्याने सौदे करण्याची क्षमता दिसली. ग्राहकाने ग्राहकाला कर्ज द्यावे आणि सौद्यांचे चाक फिरते राहावे, अशी सोयही काही पेढ्यांत आढळली. अमेरिकी सिनेटच्या उपसमितीनेही या धंद्याची झाडाझडती घेतली.

इतर देशांचा अनुभव निराळा नाही. तैवानमधील सौद्यांचा १९९२ ते २००६ असा प्रदीर्घ अभ्यास बार्बर, ली, लिऊ आणि ओडियन या अर्थशास्त्रज्ञांनी केला. सातत्याने नफा मिळवू शकणारे एक टक्क्याहूनही कमी निघाले. ब्राझीलमध्ये निर्देशांकाच्या वायद्यांत तीनशेहून अधिक दिवस चिकाटीने टिकलेल्यांचा अभ्यास झाला. सत्त्याण्णव टक्के तोट्यात होते. देशातील किमान वेतनाहून अधिक कमावणारे १.१ टक्के होते. संस्कृती वेगळी, चलन वेगळे, बाजार वेगळे, निष्कर्ष एकच. हा मुलांच्या जिद्दीचा किंवा बुद्धीचा प्रश्नच नाही. रचनाच अशी आहे.

काही आक्षेप, काही उत्तरे

या मांडणीवर हमखास तीन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की काही जण तरी यशस्वी होतातच ना? होतात. लॉटरीही कोणाला तरी लागतेच. प्रश्न कोणी यशस्वी होतो का हा नाही. यशस्वी कोण होणार हे आधी ओळखण्याचा मार्ग आहे का, हा आहे. खऱ्या पेढ्या तो मार्ग जाणतात, म्हणून निवडक मुलांना पगार देऊन घेतात. ज्यांना निवड करायचीच नसते, त्या सर्वांकडून शुल्क घेतात.

दुसरा आक्षेप असा की प्रत्येक धंद्यात जोखीम असते. किराणा दुकानही बुडते. खरे आहे. परंतु बुडालेल्या दुकानदाराजवळ मालाची पारख, गिऱ्हाइकांची ओळख आणि बाजाराची समज उरते. ती पुढच्या धंद्यात उपयोगी पडते. तीन वर्षे पडद्यावरच्या हिरव्या-लाल काड्यांकडे पाहणाऱ्या तरुणाजवळ काय उरते? चोविसाव्या वर्षी शिरलेला मुलगा सत्ताविसाव्या वर्षी बाहेर पडतो, तेव्हा अनामतीपेक्षा मोठे नुकसान त्या तीन वर्षांचे असते. स्पर्धा परीक्षेचे वय, उमेदवारीचे वय, घराची जबाबदारी शिकण्याचे वय निघून गेलेले असते.

तिसरा आक्षेप, योग्य प्रशिक्षण घेतले तर? येथेही सावधपणा हवा. शेअरबाजाराचे शिक्षण देतो असे सांगून प्रत्यक्ष सौद्यांचे सल्ले देणाऱ्यांची संख्या इतकी फोफावली की जानेवारी २०२५ मध्ये सेबीला स्पष्ट करावे लागले की निव्वळ शिक्षण देणाऱ्याने मागील तीन महिन्यांतील भाव वापरू नयेत. डिसेंबर २०२५ मध्ये आपल्याच महाराष्ट्रातील एका प्रशिक्षण संस्थेविरुद्ध अंतरिम आदेश काढून सेबीने ५४६ कोटी रुपये गोठवले. आदेश अंतरिम आहे, त्याची शहानिशा व्हायची ती होईल. पण शिकवण्याच्या धंद्यात केवढा पैसा आहे, हे त्या आकड्यावरून कळते. सोने खणणाऱ्यांपेक्षा कुदळी विकणारे श्रीमंत व्हावेत, तसेच हे.

कायदा याला काय म्हणतो?

एक लहानसा तपशील पालकांनी मुलांपुढे अवश्य ठेवावा. शेअर ताब्यात न घेता त्याच दिवशी उलटवलेल्या सौद्याला आयकराचा कायदा ‘सट्टा-व्यवसाय’ असेच मानतो. त्यातील तोटा पगारातून वा अन्य धंद्याच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही; केवळ सट्ट्याच्याच नफ्यातून, तोही चार वर्षांच्या आत. व्यावसायिक म्हणून मिरवणाऱ्या या उद्योगाला कायद्याने दिलेले नाव हे आहे.

परदेशी पेढ्यांच्या ‘परीक्षां’त तर आणखी धोका आहे. परदेशी चलनाच्या सौद्यांसाठी उदारीकृत प्रेषण योजनेखाली मार्जिनची रक्कम बाहेर पाठवण्यास मनाई आहे आणि अनधिकृत चलन-व्यवहार मंचांची सावधगिरीची यादी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ पासून प्रसिद्ध केलेली आहे. वहीवर चालणारा ‘डब्बा’ व्यवहार तर उघड गुन्हाच. आणि देशी पेढीच्या खात्यावर, पेढीच्या नावाने सौदे करणाऱ्या तरुणाला ग्राहकाचे संरक्षण मिळत नाही. त्याच्या नावाची कॉन्ट्रॅक्ट नोट निघत नाही. पेढी बुडाली तर गुंतवणूकदार संरक्षण निधीच्या दारात तो ग्राहक म्हणून उभा राहू शकत नाही. त्याची अनामत ही फक्त एक उसनवारी ठरते.

घराघरांत विचारायचे प्रश्न

निषेध करून मुले थांबत नाहीत, हे जाणत्या पालकांना सांगायला नको. त्यांच्यापुढे प्रश्न ठेवावेत. पेढी पगार देते की पैसे मागते? पगाराचे नियुक्तिपत्र आहे काय, भविष्य निर्वाह निधी कापला जातो काय? पेढी सेबीकडे नोंदलेली आहे काय? ही यादी सेबीच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. वायद्यांचे टर्मिनल चालवणाऱ्या अधिकृत व्यक्तीला एनआयएसएमची परीक्षा द्यावी लागते. मुलाच्या नावाने तशी नोंदणी झाली आहे काय? गेल्या वर्षी पेढीत किती मुले आली आणि आज किती उरली? पेढीच्या उत्पन्नात सौद्यांच्या नफ्याचा वाटा किती आणि मुलांच्या शुल्काचा किती? या शेवटच्या प्रश्नाला जिथे उत्तर मिळत नाही, तिथे उत्तर मिळालेलेच असते.

गावोगावी फिरणाऱ्या, घराघरांत ऊठबस असणाऱ्या कार्यकर्त्यांवरही येथे एक जबाबदारी येते. तोट्यात गेलेला तरुण प्रथम खोटे बोलतो, मग मित्रांकडून उसने घेतो, मग मोबाइलवरच्या कर्जाच्या जाळ्यात सापडतो आणि शेवटी बोलेनासा होतो. तो अचानक बैठकांना येईनासा झाला, तर ‘हल्ली दिसत नाहीस’ एवढे म्हणून थांबू नये. त्याच्या घरी जावे, खांद्यावर हात ठेवावा, हिशोबाची वही मागावी. बुडालेले पैसे भरून काढण्यासाठी आणखी एक सौदा, हा त्याच्या मनातला पुढचा विचार असतो. तो तेथेच थांबवला पाहिजे. हरलेला मुलगा हा गुन्हेगार नव्हे, हे वडिलांना समजावून सांगण्याचे कामही पुष्कळदा बाहेरच्यालाच करावे लागते.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात अक्षसूक्त आहे. फाशांच्या मोहाने घर उद्ध्वस्त झालेल्या जुगाऱ्याचा विलाप त्यात आहे आणि अखेरीस उपदेश आहे तो शेती करण्याचा, कष्टाने मिळालेल्या धनात समाधान मानण्याचा. अर्थ हा आपल्या परंपरेने पुरुषार्थ मानला आहे. पैसा मिळवण्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. चांगल्या कंपन्यांचे शेअर घेऊन वर्षानुवर्षे सांभाळावेत, दरमहा थोडी रक्कम म्युच्युअल फंडात टाकावी, त्या भांडवलातून देशात कारखाने उभे राहावेत, यात व्यक्तीचेही हित आहे आणि राष्ट्राचेही. ज्या तरुणाला बाजाराची खरोखर ओढ आहे, त्याने ताळेबंद वाचायला शिकावे, गणित आणि संगणक पक्का करावा आणि पगार देणाऱ्या पेढीच्या परीक्षेला बसावे. तेथे नापास झाला तर निदान त्याच्या खिशातून काही जाणार नाही.

आपली मुले कोणाच्या तरी शुल्काचे आकडे होण्यासाठी वाढवलेली नाहीत. उद्या एखादा चकचकीत पत्रक घेऊन ‘भांडवल आमचे, कौशल्य तुमचे’ असे म्हणत दारात आला, तर त्याला पाणी द्यावे, बसवावे आणि शांतपणे एकच विचारावे : भांडवल तुमचे आहे ना, मग आमच्या मुलाकडून पैसे कशाचे मागता?